फोटो लायब्ररीतून बाहेरच्या एडिटरमध्ये न्या, पण मूळ फोटो हातचा घालवू नका



या वेळच्या व्हिडिओत मी डिजिकॅममधला एक फोटो गिम्पमध्ये नेला, त्यावर किंमत टाकली आणि परत जागेवर आणला. बघताना ते फार सोपं वाटतं. पण व्हिडिओत हात भराभर चालतात आणि मधेच एखादं बटण का दाबलं नाही, हे सांगायचं राहून जातं. आणि या कामात न दाबलेलं बटणच जास्त महत्त्वाचं आहे. म्हणून इथे जरा सविस्तर लिहितोय.

आधी माझीच एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी घरगुती लोणच्याचा व्यवसाय करणाऱ्या एका ताईंना मी फोटोंसाठी मदत करत होतो. एप्रिल-मे मधले फोटो होते. अडकित्त्यावर कैऱ्या फोडताना, परातीत मसाला कालवताना, बरण्या भरताना. पन्नास-साठ फोटो असतील. मी एकेक फोटो एडिटरमध्ये उघडला, खाली पिवळी पट्टी टाकली, तिच्यावर किंमत आणि फोन नंबर लिहिला आणि त्याच नावाने सेव्ह करत गेलो. व्हॉट्सॲपवर छान चाललं. जुलैत ताईंनी ऑनलाइन विक्रीसाठी खातं उघडलं, तर तिथे कसलाही मजकूर नसलेले फोटो हवे होते. माझ्याकडे सगळ्या साठांवर पिवळी पट्टी! बरण्यांचे फोटो पुन्हा काढले, पण कैऱ्या फोडतानाचे कुठून काढणार? भर पावसाळ्यात कैरी आणायची कुठून? ते फोटो पुढच्या हंगामापर्यंत मिळालेच नाहीत. ताई एका शब्दाने बोलल्या नाहीत, तेच जास्त लागलं.

आता यात नेमकं काय चुकलं ते बघू. "बॅकअप घ्यायला हवा होता" एवढंच उत्तर नाही. चूक त्याच्या आधीची आहे.

दोन वेगळ्या जातीची सॉफ्टवेअर

फोटो लायब्ररी म्हणजे फोटो सांभाळणारं सॉफ्टवेअर. डिजिकॅम, ॲडोबीचं लाइटरूम क्लासिक, मॅकवरचं फोटोज ही त्यातली नावं. एके काळी आपल्याकडे घरोघरी असलेलं गूगलचं पिकासाही याच जातीचं, ते २०१६ मध्ये बंद झालं. यांचं मुख्य काम नोंद ठेवणं. कोणता फोटो कुठल्या फोल्डरमध्ये आहे, कधी काढला, त्याला किती स्टार दिलेत, "दिवाळी फराळ" हा टॅग कशाकशाला लावलाय, हे सगळं ते एका डेटाबेसमध्ये लिहून ठेवतं.

एडिटर म्हणजे गिम्प, फोटोशॉप वगैरे. त्याला तुमच्या टॅगशी आणि स्टारशी काही देणंघेणं नसतं. त्याच्यासमोर एक फाइल येते, तो तिच्यावर काम करतो आणि सेव्ह करतो. बस.

आपल्या धंद्याच्या भाषेत बोलायचं तर लायब्ररी म्हणजे गोदाम आणि स्टॉक रजिस्टर, आणि एडिटर म्हणजे जॉबवर्क करणारा कारागीर. तुम्ही साड्या फॉल-पिकोला पाठवता किंवा फॅब्रिकेशनचे पार्ट पावडर कोटिंगला पाठवता, तेव्हा काय करता? चलन करता. किती नग गेले, किती आले, याची नोंद ठेवता. माल बाहेर गेला आणि रजिस्टरला पत्ताच नाही, असं झालं की महिनाअखेरीला हिशेब जुळत नाही. फोटोंचं तंतोतंत तसंच होतं. अडचण लायब्ररीत नसते आणि एडिटरमध्येही नसते, ती दोघांमधल्या ये-जा करण्यात असते.

फक्त एक फरक आहे. साडी एकच असते, ती पाठवावीच लागते. फोटोची मात्र कॉपी पाठवता येते. म्हणून कुठलीही लायब्ररी आणि कुठलाही एडिटर वापरा, आधी एकच प्रश्न विचारायचा : यात कॉपी कोण करणार आहे? लायब्ररी करणार, एडिटर करणार, की मला स्वतःला करावी लागणार? लोणच्याच्या फोटोंच्या वेळी मी हा प्रश्न विचारला नव्हता. माझी समजूत होती की लायब्ररी सांभाळून घेईल. ती घेत नव्हती.

डिजिकॅम आणि गिम्प : इथे कॉपी तुम्हीच करायची

सुरुवात करणाऱ्याला मी हीच जोडी सुचवतो. दोन्ही ओपन सोर्स आहेत, फुकट आहेत, आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतात. पहिल्याच महिन्यात सॉफ्टवेअरचं भाडं डोक्यावर घ्यायचं कारण नाही.

डिजिकॅम तुमचे फोटो कुठे हलवत नाही. तुमच्या कॉम्प्युटरवर जे फोल्डर आहेत तेच त्याचे अल्बम. पहिल्यांदा उघडताना ते दोन-चार प्रश्न विचारतं. फोटो कुठे आहेत, डेटाबेस कुठे ठेवू, वगैरे. त्यात एक प्रश्न असा असतो की तुम्ही दिलेले टॅग आणि स्टार फोटोच्या फाइलमध्येही लिहू का? तिथे 'हो' म्हणा. तेव्हा 'नाही' म्हटलं असेल तर सेटिंग्जमध्ये मेटाडेटाच्या पानावर ते नंतरही चालू करता येतं. याचा फायदा काय, ते पुढे सांगतो. आधी बाहेर जाण्याचा रस्ता.

फोटोवर राइट क्लिक करून 'ओपन विथ' घेतलं आणि गिम्प निवडलं, की फोटो गिम्पमध्ये उघडतो. इथे एक गोष्ट पक्की लक्षात घ्या. डिजिकॅम गिम्पला कॉपी देत नाही. तुमच्या फोल्डरमधली मूळ फाइलच गिम्पच्या हातात जाते. गोदामाचं शटर उघडून कारागिराला आत घेण्यासारखं आहे ते.

सुदैवाने गिम्प स्वतः जरा जपून वागतं. तुम्ही सवयीने कंट्रोल-एस दाबलंत तर ते जेपेगवर सेव्ह करत नाही, स्वतःच्या एक्ससीएफ या प्रकारात सेव्ह करायला सांगतं. २०१२ च्या २.८ आवृत्तीपासून गिम्पने 'सेव्ह' आणि 'एक्सपोर्ट' वेगळे केले. तेव्हा पुष्कळ लोक वैतागले होते, मीही. आता वाटतं, बरं केलं. पण फाइल मेनूत 'ओव्हरराइट' नावाची एक ओळ असते आणि तिच्यापुढे तुमच्या फोटोचं नाव लिहिलेलं असतं. ही ओळ मूळ फोटोवर थेट लिहिते. व्हिडिओत मी जे बटण दाबलं नाही ते हेच.

मग दाबायचं काय? 'एक्सपोर्ट ॲज', म्हणजे शिफ्ट-कंट्रोल-ई. उघडणाऱ्या खिडकीत बहुधा मूळचंच नाव आधीपासून भरलेलं असतं. घाईत तसंच पुढे गेलात तर ते विचारतं, "या नावाची फाइल आहे, बदलू का?" आणि आपण घाईतच "बदल" म्हणतो. म्हणून खिडकी उघडली की हात आधी नावाकडे न्यायचा. मूळ नाव 'आयएमजी_२०४५' असेल तर त्याच्या पुढे '_किंमत' किंवा '_पांढरं' असं जोडायचं. मूळ नाव पुसू नका, फक्त शेपूट लावा. सहा महिन्यांनी "हा कशावरून बनवला होता?" हे शोधताना तेच शेपूट कामी येतं. फोल्डरही तोच ठेवा, डेस्कटॉपवर एक्सपोर्ट करू नका. डेस्कटॉपवर गेलेला फोटो लायब्ररीला दिसत नाही, आणि पंधरा दिवसांनी तुम्हालाही दिसत नाही.

एक्सपोर्ट करताना पुढच्या खिडकीत क्वालिटीचा आकडा येतो. सुरुवातीला तो ९० असतो, तो तसाच राहू दे. खाली एक्झिफ, एक्सएमपी, आयपीटीसी अशा चौकटी असतात. नावं अवघड वाटली तरी घाबरू नका. फोटोच्या पोटात लिहिलेली माहिती, म्हणजे तारीख, कॅमेरा आणि तुमचे टॅग, कॉपीतही न्यायची का, एवढंच ते विचारतंय. त्या चौकटींवर टिक ठेवा. मघाशी डिजिकॅमला "टॅग फाइलमध्येही लिही" असं सांगितलं, ते याच्यासाठी. टॅग फक्त डेटाबेसमध्ये असते तर गिम्पला ते माहीतच झाले नसते आणि नवी कॉपी कोरी निघाली असती. फाइलमध्ये लिहिलेले असले की ते सोबत प्रवास करतात. परत आल्यावर एक नजर टाका, काही गळलं असेल तर तिथल्या तिथे लावून टाका.

डिजिकॅममध्ये परत आलात की नवा फोटो बहुतेक वेळा आपोआप दिसतो. नाही दिसला तर एफ-५ दाबा. कधीकधी फोटो बदललेला असतो पण छोटं चित्र जुनंच दिसत राहतं, तेव्हा टूल्समधल्या मेन्टेनन्समधून थंबनेल पुन्हा बनवून घ्या.

आता शेवटची पायरी, आणि बरेच जण हीच गाळतात. मूळ फोटो आणि त्याच्या कॉप्या एकत्र बांधायच्या. सगळ्या निवडा, ज्याला प्रमुख करायचं त्याच्यावर राइट क्लिक करा आणि ग्रुपमध्ये 'ग्रुप सिलेक्टेड हिअर' घ्या. बाकीचे त्याच्या पोटात जातात. गठ्ठा हवा तेव्हा उघडता येतो, नको तेव्हा मिटवता येतो. मी मूळ फोटोलाच प्रमुख करतो. म्हणजे अल्बम उघडला की साठ मालाचे साठच फोटो दिसतात, दीडशे नाही. जॉबवर्कचं चलन बंद केलं, असं समजा.

जाता जाता एक. डिजिकॅमच्या आतच एक एडिटर आहे, एफ-४ दाबलं की उघडतो. कातरणं, उजेड वाढवणं, रंगाचा पिवळेपणा काढणं ही कामं त्यात होतात. त्याचं व्हर्जनिंग चालू असेल तर तो मूळ फोटोला हात न लावता नावापुढे '_व्ही१' लावून नवी फाइल करतो. खरं सांगायचं तर निम्म्या कामांसाठी बाहेर जायची गरजच नसते. मागची भिंत कापून काढायची, फोटोवर मराठीत मजकूर टाकायचा, दोन फोटो एकत्र करायचे, अशा वेळीच गिम्पकडे जा.

किंमत बदलते, फोटो बदलत नाही

आता जी एक्ससीएफ फाइल आपण वैतागून बाजूला टाकतो, तिच्याबद्दल. धंद्यात तिची किंमत फार आहे.

जेपेगमध्ये फोटो आणि त्यावरची अक्षरं एकजीव झालेली असतात. चटणीत मीठ पडलं की पडलं, वेगळं काढता येत नाही. एक्ससीएफमध्ये मात्र फोटो एका थरावर, पट्टी दुसऱ्या थरावर, किंमत तिसऱ्या थरावर असते. तेलाचे भाव वाढले आणि चिवड्याचं पाकीट १२० वरून १३५ वर न्यावं लागलं, तर एक्ससीएफ उघडायची, मजकुराच्या थरावर आकडा बदलायचा, पुन्हा एक्सपोर्ट करायचं. दोन मिनिटांचं काम. एक्ससीएफ नसेल तर जुन्या आकड्यावर रंगाचा चौकोन ओढून त्यावर नवा आकडा लिहायचा. तसे फोटो तुम्ही बघितलेत, आणि ग्राहकही ते बघतो.

शिवाय जेपेग पुन्हा पुन्हा उघडून सेव्ह केलं की दर वेळी थोडी थोडी गुणवत्ता जाते. अक्षरांच्या कडेला किडे आल्यासारखं दिसतं ना, ते त्यामुळेच. थरांच्या फाइलमधून दर वेळी ताजं एक्सपोर्ट केलं की हा प्रश्न येत नाही. एक्ससीएफ जेपेगपेक्षा बरीच मोठी असते, हे मान्य. पण सगळ्या फोटोंची ठेवायची नसते. ज्यावर मजकूर टाकलाय किंवा जो घासून-पुसून केलाय, तेवढ्याचीच ठेवा. मूळ फोटोशेजारीच, त्याच नावाने.

मराठी मजकुरासाठी गिम्पमध्ये युनिकोड फॉन्ट वापरा. मुंबईच्या 'एक टाइप'ने केलेले मुक्त आणि बलू हे फॉन्ट गूगल फॉन्ट्सवर फुकट आहेत, आणि किमतीच्या पट्टीवर ते ठसठशीत दिसतात. डीटीपीवाल्याकडचे जुने फॉन्ट इथे टाकलेत आणि ते युनिकोड नसतील, तर पुढे आकडा बदलताना भलतीच अक्षरं उमटतील.

एकाच फोटोच्या इतक्या कॉप्या कशाला, असं वाटेल. तर असं आहे. ॲमेझॉनला मुख्य फोटोची मागची बाजू शुभ्र पांढरी लागते, वस्तूने चौकटीचा निदान ८५ टक्के भाग भरलेला लागतो, आणि त्यावर किंमत, लोगो, मजकूर काहीही चालत नाही. व्हॉट्सॲप कॅटलॉगवर उलट, किंमत दिसलेली बरी. आणि उद्या प्रदर्शनासाठी ए-५ आकाराचं पत्रक छापायचं ठरलं, तर इंचाला ३०० ठिपके या हिशेबाने १७४८ बाय २४८० पिक्सेलचा फोटो लागतो. व्हॉट्सॲपवरून नेहमीच्या पद्धतीने आलेला फोटो लहान होऊन येतो, तो छापला की धुरकट दिसतो. या तिन्ही गोष्टी एकाच मूळ फोटोतून निघतात, पण मूळ शाबूत असेल तरच. फोटो मोबाइलवर काढत असाल तर कॉम्प्युटरवर केबलने घ्या, किंवा व्हॉट्सॲपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, म्हणजे फाइल आहे तशी येते.

लाइटरूम क्लासिक आणि फोटोशॉप : इथे लायब्ररी कॉपी करते, पण विचारून

तुमच्यापैकी काही जण लग्नाचे फोटो, प्रॉडक्ट फोटोग्राफी यातच धंदा करताय. त्यांच्याकडे बहुधा लाइटरूम क्लासिक असतं. ते मूळ फाइलला हात लावत नाही. तुम्ही उजेड वाढवला, रंग बदलला, तरी ते फक्त सूचना म्हणून कॅटलॉगमध्ये लिहून ठेवलं जातं. फोटोशॉपकडे जाताना मात्र प्रत्यक्ष फाइल द्यावी लागते.

रॉ फाइल असेल तर लाइटरूम तुम्ही केलेले बदल धरून फोटोशॉपमध्ये देतं आणि सेव्ह केल्यावर शेजारी वेगळी टिफ किंवा पीएसडी फाइल तयार होते. मूळ रॉ तशीच राहते. जेपेग किंवा टिफ असेल तर कंट्रोल-ई दाबल्यावर तीन पर्याय येतात. पहिला, लाइटरूममधले बदल धरून कॉपी. दुसरा, ते बदल न धरता कॉपी. तिसरा, थेट मूळ फाइल. पहिल्यांदा बाहेर पाठवताना पहिला पर्याय घ्या, डोळे झाकून. नावापुढे 'एडिट' हा शब्द लागून नवी फाइल बनते आणि लायब्ररीत मूळ फोटोशेजारी येऊन बसते. 'स्टॅक विथ ओरिजिनल'वर टिक असेल तर दोघांची जुडीही बांधली जाते. डिजिकॅममध्ये आपण हाताने केलं ते इथे आपोआप होतं.

पण एक खोच आहे, आणि इथे चांगले अनुभवी लोकही फसतात. समजा फोटोशॉपमध्ये तुम्ही पाच थर केले, सेव्ह केलं, परत आलात. दुसऱ्या दिवशी आठवलं की किंमत बदलायची राहिली. तोच 'एडिट'वाला फोटो निवडून कंट्रोल-ई दाबलं आणि सवयीने पहिला पर्याय घेतला, की पाचही थर सपाट होऊन एकच थर येतो! या वेळी तिसरा पर्याय घ्यायचा असतो, 'एडिट ओरिजिनल'. नाव ऐकून भीती वाटते, पण इथे ते 'ओरिजिनल' म्हणजे तुमचा मूळ फोटो नव्हे, तर कालची कॉपी. म्हणजे प्रश्न परत तोच : समोरची फाइल मूळ आहे की कॉपी?

फोटोशॉपमध्ये काम झालं की साधं 'सेव्ह' करायचं. 'सेव्ह ॲज' करून नाव किंवा जागा बदललीत तर ती फाइल लाइटरूमला सापडत नाही. तुम्ही म्हणाल, "सर, मघाशी गिम्पमध्ये नाव बदला म्हणालात, आता बदलू नका म्हणताय." बरोबर आहे. तिथे कॉपी तुम्ही करत होता, म्हणून नाव तुम्ही द्यायचं. इथे कॉपी लाइटरूमने आधीच करून, नाव देऊन, रजिस्टरला चढवून पाठवली आहे. कारागिराने चलनावरचा नंबर बदलायचा नसतो.

लाइटरूमच्या प्रेफरन्सेसमध्ये 'एक्सटर्नल एडिटिंग'मध्ये गिम्पही जोडता येतं. फोटोशॉपचं भाडं परवडत नसेल तर हा मधला मार्ग आहे. आणि गंमत बघा, या रस्त्याने आलेल्या टिफवर गिम्पमध्ये 'ओव्हरराइट' हेच बरोबर बटण आहे, कारण आलेली फाइल ही लाइटरूमने केलेली कॉपी आहे. मघाशी ज्या बटणाला मी हात लावू नका म्हणालो, तेच. म्हणून बटणांची यादी पाठ करून उपयोग नाही.

मॅकच्या फोटोजमध्ये 'एडिट विथ'ने बाहेर गेलात तर ते मूळ फोटो आत जपून ठेवतं आणि 'रिव्हर्ट टू ओरिजिनल'ने परत देतं. तिथे फार विचार करावा लागत नाही. जुन्या पिकासाचा एखादा फोल्डर तुमच्याकडे पडून असेल तर त्यात 'पिकासाओरिजिनल्स' नावाचा लपलेला फोल्डर आहे का बघा. सेव्ह करण्याआधीचे मूळ फोटो पिकासा त्यात टाकत असे. ओळखीच्या एकांना त्यात घरच्या दुकानाच्या उद्घाटनाचे फोटो सापडले, ते गेलेच असं धरून चालले होते.

रंगाचा घोळ

साडी, ड्रेस मटेरियल, दागिने विकणाऱ्यांनी हे नीट वाचा. लाइटरूम फोटोशॉपला फाइल देताना मूळ सेटिंगमध्ये १६ बिट आणि प्रोफोटो आरजीबी ही रंगांची मोठी पेटी वापरतं. काम करताना ती चांगली. पण तीच फाइल तशीच वेबसाइटवर गेली तर मोरपंखी रंग विटल्यासारखा दिसू शकतो. ग्राहक फोटो बघून घेणार नाही, किंवा प्रत्यक्ष साडी वेगळी दिसली म्हणून परत पाठवणार. येण्या-जाण्याचं कुरिअर तुमच्याच माथी. म्हणून बाहेर द्यायची शेवटची जेपेग नेहमी एसआरजीबीमध्ये एक्सपोर्ट करा.

आकाराचंही बघा. २४ मेगापिक्सेलचा फोटो १६ बिट टिफमध्ये दाबून न ठेवता साठवला तर साधारण १४४ एमबी होतो. प्रत्येक रंगाला दोन बाइट, तीन रंग, गुणिले दोन कोटी चाळीस लाख ठिपके, हिशेब करून बघा. पाचशे साड्यांचा कॅटलॉग असेल तर हार्ड डिस्क तिथेच भरली. नुसती मागची बाजू पांढरी करायची असेल तर एक्सटर्नल एडिटिंगच्या सेटिंगमध्ये ८ बिट आणि एसआरजीबी ठेवलं तरी चालतं. असं माझं मत. छपाईचं मोठं काम करणारा फोटोग्राफर वेगळं सांगेल आणि त्याच्या जागी तो बरोबर असेल.

नाव बदलायचं असेल तर लायब्ररीतूनच

विंडोजच्या फोल्डरमध्ये जाऊन फाइलचं नाव बदलायची, फोटो इकडून तिकडे ओढायची सवय सोडा. लाइटरूममध्ये असं केलंत की फोटोवर उद्गारचिन्ह येतं, म्हणजे फाइल सापडत नाही. डिजिकॅम थोडं समजूतदार आहे, न बदललेली फाइल दुसरीकडे गेली तरी बऱ्याचदा ओळखतं. पण नावही बदललं आणि आतलं चित्रही एडिटरने बदललं, तर ती त्याच्या दृष्टीने नवीच फाइल. नाव बदलायचं तर डिजिकॅममध्ये एफ-२ दाबून बदला, म्हणजे रजिस्टरलाही कळतं.

आणि बॅकअप. लाइटरूम क्लासिक बंद करताना "बॅकअप घेऊ का?" विचारतं आणि आपण निश्चिंत होतो. तो बॅकअप फक्त कॅटलॉगचा असतो, फोटोंचा नाही. रजिस्टरची झेरॉक्स काढली म्हणून गोदामातला माल सुरक्षित होत नाही. डिजिकॅममध्ये 'डिजिकॅम४' नावाची डेटाबेसची फाइल असते, ती आणि फोटोंचे फोल्डर, दोन्ही बाहेरच्या डिस्कवर घ्या. घेताना दोन्ही सॉफ्टवेअर बंद ठेवा.

आज रात्री सगळे फोटो घेऊन बसू नका. एकच फोटो घ्या, त्याला एक टॅग आणि तीन स्टार द्या. गिम्पमध्ये न्या, कोपऱ्यात किंमत लिहा, नवीन नावाने त्याच फोल्डरमध्ये एक्सपोर्ट करा. परत येऊन बघा : मूळ फोटो कोरा आहे का, नवा फोटो दिसतोय का, त्याला टॅग आलाय का, दोघांची जुडी बांधता आली का. चारही गोष्टी जमल्या की मग दुसऱ्या फोटोला हात घाला. कुठे अडलंत तर कोणत्या पायरीवर अडलंय ते लिहून ठेवा, पुढच्या व्हिडिओत मागची भिंत कापून पांढरी करायचं बघू, तेव्हा तिथूनच सुरुवात करू.